खालची बांधी

गोंदिया
१२ ऑगस्ट २०२५

मनिराम,

रामराम. तू इथून गेल्याला अकरा महिने झाले आणि हे माझं पहिलं पत्र. फोन बऱ्याचदा लावला. आचल उचलते आणि म्हणते, "बाबा वावरात गेले." सकाळी सातला वावरात, भर दुपारी वावरात, दिवेलागणीलाही वावरातच. नवेगाव बांध गावात तुझ्या साळ्याची एवढी शेती कधी झाली, मला माहीत नव्हतं. म्हणून कागद घेतला. तीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलं, लोकांची पत्रं लोकांना दिली, स्वतःला लिहायची पाळी आता आली. तुझा पत्ता नवेगावच्या गाडीच्या कंडक्टरनं सांगितला. चुकला असेल तर पत्र परत येईल.

इकडचं सांगतो. तू गेलास तेव्हा हरितधारा सिटीच्या दुसऱ्या इमारतीला प्लास्टर व्हायचं होतं. आता दोन्ही इमारती भरल्या. अठ्ठेचाळीस अन् अठ्ठेचाळीस, शहाण्णव घरं, आणि खालच्या अंगाला रांगेतली बैठी बावीस वेगळी. ज्या चार एकरांत तू, मी आणि एक बैलजोडी असायची, तिथे आता चारशेवर माणसं राहतात. हिरवं म्हणशील तर फाटकाचा रंग तेवढा. माझ्या अंगणात ऊन दहाला येतं आणि तीनला जातं, सरकारी कचेरीतल्या बाबूसारखं. धुरपताची वडी वाळत नाही, बुरा चढतो. साडेआठला एकामागून एक कुकर शिट्ट्या मारायला लागतात. वारा सुटला की धुरपता टोपली घेऊनच बाहेर पडते, कारण वरून कपडे पडतात. परवा तीन बनियन, एक शाळेचा मोजा आणि कोणाची तरी नवीकोरी उशीची खोळ. तू इथे होतास तेव्हा एक निळी लुंगी वाऱ्यानं उडून आली, ती भोपळ्याच्या वेलावर आठ दिवस होती.

मी कुरकुर केली की धुरपता म्हणते, "वावर इकलं कोनं? तुमीच ना जी. मंग आता कायले बोंबलून राहिले?" विकलं मीच. पण वीस वर्षं तू ते अधियानं, निम्म्या वाट्यानं, कसलंस हे मी विसरलो नव्हतो. म्हणून तर इमारती बांधणाऱ्या कंपनीच्या माणसाला गळ घालून तुला त्यांच्या फाटकावर चौकीदार लावून दिलं, राहायला खोली मिळवून दिली. हे तुला आठवत असेल.

तुझी नोकरी गेली याचं मला वाईट वाटलं. पाऊसच तसा होता. मातीचा बांध तो, आज ना उद्या फुटणारच. मी तेव्हा तुझ्या बाजूनं चार शब्द जास्त बोलायला हवे होते, ते बोललो नाही. तब्येत बरी नव्हती.

आचलचं कॉलेज सुरू आहे ना? उत्तर दे. दोन ओळी चालतील.

सेवकराम


गोंदिया
२४ ऑगस्ट २०२५

मनिराम,

पत्र परत आलं नाही. म्हणजे पोचलं आणि तू घेतलंस. आमच्या खात्यात एवढं कळतं.

परवा पोळा झाला. आमच्याकडे बैल नाहीत, पण धुरपतानं संध्याकाळी दाराशी पळसाच्या फांद्यांचे मेढे रोवलेच. काल मारबतीच्या सकाळी ते उपटून शिवेवर टाकायला माणूस नव्हता, तेव्हा मीच निघालो. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असं एकट्यानं ओरडत जाताना फार ओशाळं वाटतं रे. वरच्या गॅलरीतून एक बाई मोबाइलवर माझा व्हिडिओ घेत होती. पूर्वी आपली शीव बोडीच्या, त्या लहान तळ्याच्या, पाळीशी होती, दहा मिनिटांची वाट. आता मध्ये हरितधारा. तिच्या भिंतीला सगळा वळसा घालून नाल्यापलीकडे जावं लागतं. जाऊन यायला पाऊण तास लागला. परत आलो आणि पत्र लिहायला बसलो, पण काल जमलं नाही. आज लिहितो.

मागच्या पत्रात मी लिहिलं की बांध फुटला. फुटला नाही मनिराम. तो मी फोडला.

आता लिहिलंच आहे तर नीट लिहितो. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. वरच्या सगळ्या वावरांचं पाणी माझ्या उरलेल्या दोन बांध्यांत, धानाच्या त्या दोन खाचरांत, येऊन तुंबलं होतं, कारण पुढे हरितधाराची भिंत. भिंतीचा कोपरा अर्धवट राहिला होता, तिथे कंपनीनं मातीचा बांध घालून पोती रचली होती आणि राखणीला तुला ठेवलं होतं. पलीकडे कोरडं आणि अलीकडे माझा धान बुडालेला. पोटरीवर आलेला एचएमटी वाण, नुसते शेंडे वर. आणखी एक दिवस गेला असता तर सगळा सडला असता. आठ-दहा पोत्यांचा धान, विकत घेतला असता तरी चाललं असतं. पण चार एकर विकल्यावर उरलेला तो शेवटचा तुकडा होता आणि त्याच्यावर माझा जीव होता.

मी फावडा घेतला आणि कोपऱ्यावर गेलो. तू आणि मी जन्मभर हेच तर केलं. वरच्या बांधीत पाणी झालं की धुऱ्याला तोंड पाडायचं आणि खालच्या बांधीत सोडायचं. माझ्या हातांना ती अजून खालची बांधीच वाटत होती. वाटलं, वीतभर तोंड पाडू, पाणी चार बोटं उतरलं की बुजवून टाकू. कोणाला पत्ताही लागणार नाही.

पण रीत काय आहे, तुला माहीत आहे. आधी हाक द्यायची. "पानी सोडतो गा मनिराम" म्हणायचं आणि खालून तुझं "सोडा जी" येईपर्यंत फावडा मारायचा नाही. चाळीस वर्षांत मी हाक दिल्याशिवाय कोणाच्या बांधीत पाणी सोडलं नाही. त्या सकाळी सोडलं. मनाशी म्हणालो, हाक देऊ कोणाला? अठ्ठेचाळीस गॅलऱ्या, कोण कुठला, नावसुद्धा माहीत नाही. हे खोटं होतं. अगदी खालच्या, बावीस नंबरच्या बैठ्या घरात दुर्गाप्रसादजी राहतात हे मला पक्कं माहीत होतं. ती निळी लुंगी त्यांचीच. ती न्यायला आले तेव्हापासून ते रोज माझ्याकडे चहाला येत होते.

पाणी वीतभर तोंडातून गेलं नाही. एका झटक्यात माती घेऊन गेलं. खाली भुई असती तर तिनं थोडं पिऊन घेतलं असतं, पण तिथे सगळं सिमेंट. मी दोन पोती टाकून पाहिली, तीही वाहून गेली. मग मी पळालो. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, फावडा घेऊन, चिखलातून पळालो.

अजून एक लिहायचं राहिलं. पाणी आत घुसल्याचा आवाज आला तेव्हा एक क्षण मला बरं वाटलं. वर्षभर त्या लोकांनी माझं ऊन अडवलं होतं, नालीचं पाणी माझ्या बांधीत सोडलं होतं. म्हटलं, घ्या आता. हे धुरपतालाही सांगितलेलं नाही. तिनं त्या दिवशी माझं चिखलाचं धोतर धुतलं आणि दोरीवर टाकलं.

तू रागावशील. रागाव.

सेवकराम


गोंदिया
९ सप्टेंबर २०२५

मनिराम,

तुझं उत्तर नाही. पत्रही परत नाही. मागचं पत्र टाकल्यावर वाटलं होतं, छातीवरचं ओझं उतरेल. उलट झालं. अर्धं सांगून झोप आणखीच उडाली. खाई त्याला खवखवे म्हणतात ते असं.

दुर्गाप्रसादजी अजून रोज येतात. आता वॉकर घेऊन. त्यांच्या अंगणापासून माझ्या अंगणापर्यंत शंभर पावलं, त्यांना पंधरा मिनिटं लागतात. त्या सकाळी बिछान्यातून खाली पाय ठेवला तो गुडघाभर पाण्यात, घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. तूच त्यांना पाठीवर घेऊन इमारतीच्या पहिल्या मजल्यावर नेलंस ना? ते त्यांना आठवत नाही, किंवा आठवायचं नाही. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, बोलायला गोड, पण रोज चहाच्या दुसऱ्या घोटाला गाडी तुझ्यावर येते. "वो शराबी चौकीदार. मास्टरजी, उस आदमी को तो जेल होना चाहिए था." मी म्हणतो, "साखर बरोबर आहे ना?" वर्षभर मी त्या माणसाला चहा पाजतोय आणि तो तुला शिव्या देतोय. चहा माझ्या घरचा. एकदा धुरपता कप उचलता उचलता माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमाले चहा गोड लागते का जी?" आणि आत गेली. तिला कळलेलं आहे. केव्हापासून, ते मी विचारलं नाही.

आता 'शराबी' हा शब्द कुठून आला ते सांगतो. तो माझ्या तोंडून आला.

तू दारू नऊ वर्षांपूर्वी सोडलीस. माझ्यासमोर सोडलीस, आचलच्या डोक्यावर हात ठेवून. त्यानंतर पोळ्याला, होळीला, लग्नात कुठेही तू तिला शिवला नाहीस, याची मी कुठेही शपथ घेईन. पण पाणी ओसरल्यावर त्या दिवशी दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी इंद्रकुमार, तो बाजारातला कापडवाला, माझ्याकडे आले. म्हणाले, "काका, तो तुमचा माणूस. काल पोळा होता. पितो का?" मी म्हणालो, "पूर्वी घ्यायचा."

एवढंच म्हणालो. दोन शब्द. पूर्वी तू घ्यायचास हे खरंच होतं. पुढचं वाक्य, की आठ वर्षांपासून घेत नाही, ते मी गिळलं. इंद्रकुमारजींनी मान हलवली, निघून गेले. संध्याकाळपर्यंत सगळ्या हरितधाराला माहीत झालं की चौकीदार पोळ्याची पिऊन पडला होता आणि बांध फुटला. दुसऱ्या दिवशी तुझं सामान खोलीबाहेर. तू फाटकाशी उभा होतास, मी खिडकीच्या पडद्याआडून पाहत होतो. तू माझ्या घराकडे एकदाही पाहिलं नाहीस.

त्यांनी तुला विचारलं असणार, बांध सोडून कुठे गेला होतास. तू काय सांगितलंस मला माहीत नाही. पण माझं नाव सांगितलं नाहीस, नाहीतर इंद्रकुमारजी माझ्या दारात पुन्हा आले असते. आणि माझं नाव सांगण्यासारखं तुझ्याकडे होतं. मारबतीच्या त्या सकाळी मीच तुला हाक मारली. म्हटलं, "मनिराम, माझे गुडघे धरले आहेत, आमच्या घरचे मेढे शिवेवर टाकून ये." तू बांधाकडे पाहिलंस आणि म्हणालास, "पानी लय वाढून राहिलं मास्तर. अर्ध्या घंट्यानं जातो." मी म्हणालो, "वर्षातून एकदाचं काम, सूर्य चढल्यावर काय उपयोग." तू गेलास. आमच्या घरची मारबत तुझ्या बापापासून तुम्हीच टाकत आलात.

वळशाला पाऊण तास लागतो हे मला ठाऊक होतं का? इतके दिवस मी स्वतःला सांगत होतो की नव्हतं. यंदा मारबतीला स्वतः चालून आलो तेव्हा वाटेत कुठेही मला नवल वाटलं नाही. ठाऊक होतं, मनिराम. तू पाठ फिरवलीस तेव्हा माझा एक हात फावड्यावर होता.

आता माझ्याकडे लपवायला काही उरलेलं नाही. तुला काय लिहायचं ते लिही.

सेवकराम


गोंदिया
२७ सप्टेंबर २०२५

मनिराम,

काल आचलचं पत्र आलं. तू चौथीपर्यंत शिकलास आणि चष्मा कधी घेतला नाहीस, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. म्हणजे माझी तिन्ही पत्रं त्या मुलीनं वाचून दाखवली. मी तुला सांगत होतो आणि ऐकत होती ती. हे कळल्यावर मी पत्र खाली ठेवून अंगणात जाऊन आलो.

ती लिहिते: "मास्तर काका, बाबा काही बोलत नाही, मी लिहून राहिली. बाबाले तुमचं सगळं पहिल्या दिवशीच माहीत होतं. शिवेवरून आले तेव्हा त्यायनं बांधाले पडलेलं तोंड पाह्यलं. फुटलेल्या बांधाचे काठ ओबडधोबड राह्यतात. हे सरळ कापलेले होते, अन् डाव्या अंगाले तिरपे. असा फावडा आपल्या गावात एकच मानूस मारते म्हने. साहेब लोक पाहाले यायच्या आधी बाबानं पोती अन् माती टाकून ते काठ बुजवून टाकले. मी म्हटलं, काऊन बुजवले बाबा? तर म्हने, मास्तर येऊन सांगतीन. आम्ही दोन दिवस वाट पाह्यली. मंग गाडीत बसलो."

हे मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. तुझ्या निर्दोषपणाचा एकच पुरावा होता आणि तो तू स्वतःच्या हातानं बुजवलास, मी येऊन सांगेन म्हणून. आणि मी पडद्यामागे उभा होतो. मला स्वतःची शरम वाटते. याहून वेगळा शब्द सापडत नाही.

पुढे ती लिहिते की तलावाच्या काठच्या नव्या विश्रामगृहाला रखवालदार हवा होता. तू गेलास, ठेकेदाराला पसंत पडलास, आणि त्यानं चौकशीला हरितधाराच्या ऑफिसात फोन लावला. तिकडून काय उत्तर गेलं असेल ते मला कळतं. त्यानंतर नागझिऱ्याकडेही एका ठिकाणी तसंच झालं. आता गावातलं पोरसोरही तुला दारुड्या समजतं. साळ्याच्या घरी तू बसून खातोस असं साळ्याची बायको ऐकवते. आचल शेवटी लिहिते, "तुमी मले चिठ्ठीत सांगून का फायदा? मले तं माहीतच होतं. जिथं बाबाचं नाव खराब झालं, तिथं येऊन सांगा."

बरोबर आहे तिचं. मी ठरवलं आहे. येत्या पाच तारखेला, रविवारी, हरितधाराची मीटिंग आहे. तिथे उभा राहून मी सगळं सांगतो. इंद्रकुमारजींकडून लेटरहेडवर लिहून घेतो की मनिरामची चूक नव्हती, आणि तो कागद तुला रजिस्टरनं पाठवतो. तो तू ठेकेदाराला दाखव. नवेगावला यायचं म्हणशील तर मला खरंच जमणार नाही रे. तीन तासांचा बसचा प्रवास आणि माझे गुडघे. कागद असल्यावर माणसाची गरज काय?

आचल, तू हे वाचत आहेस. बेटा, मला शक्य आहे तेवढं मी करतो आहे.

सेवकराम


गोंदिया
११ ऑक्टोबर २०२५

मनिराम,

माझं मागचं पत्र परत आलं. खात्याच्या शिक्क्यानं नाही. आचलनं ते वाचलं, दुसऱ्या पाकिटात घातलं आणि मला पाठवलं. माझ्या गुडघ्यांच्या ओळीखाली तिनं पेनानं लिहिलं आहे: "बाबाचेबी गुडघे दुखतात." बाकी काही नाही.

मीटिंगचं सांगतो. इमारतीच्या खाली गाड्या लावतात तिथे खुर्च्या मांडल्या होत्या. पन्नासेक माणसं. लिफ्ट, कचरा, पाण्याचा टँकर, सगळं झाल्यावर मी उठलो. पाठ करून गेलो होतो, पण पाठ केलेलं सगळं गेलं. बांध मी फोडला, मनिरामला मी पाठवलं, तो पीत नाही, एवढं बोललो. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. एक-दोन जण मोबाइलमधून डोकं वर काढून बघायला लागले. इंद्रकुमारजी उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "काका, अब जाने दो ना. कंपनीनं घरं दुरुस्त करून दिली, भिंत बांधून दिली, का की चूक त्यांच्या चौकीदाराची होती. आता तुम्ही म्हणाल शेजाऱ्यानं फोडला, तर कंपनी सगळा खर्च वापस मागेल. किससे? इन्हीं लोगों से. तुमच्या मनाला शांती मिळेल, पण यांचं काय?" मग रजिस्टर लिहिणाऱ्याला म्हणाले, "ये मत लिखना." मी लेटरहेडचं विचारलं. त्यांनी हात जोडले.

असं आहे बघ. तू चुकलास यात सगळ्यांची सोय आहे. माझीही होतीच.

दुर्गाप्रसादजी पहिल्या रांगेत होते. सगळे उठून गेल्यावर ते वॉकरला धरून उभे राहिले. मला वाटलं, शिवी देतील. म्हणाले, "एक साल आपने मुझे चाय पिलाई, मास्टरजी." मग म्हणाले, "मुझे पीठ पर कौन ले गया था? वही ना?" मी हो म्हणालो. ते गेले. त्या दिवसापासून चहाला आलेले नाहीत. धुरपता चारला दोन कप मांडते आणि एक परत ठेवते.

मी घरी येऊन बसलो. मनात म्हणत होतो की मी माझ्या परीनं केलं, आता त्यांनी लिहून दिलं नाही त्याला मी काय करू. हेच तुला लिहायच्या बेतात होतो. मग परवा पाकीट आलं आणि ती ओळ वाचली. गुडघ्यांचं कारण सांगून मी तुला शिवेवर पाठवलं होतं. त्याच गुडघ्यांचं कारण सांगून मी नवेगावला यायचं टाळत होतो. ते पोरीच्या ध्यानात आलं, माझ्या नाही. धुरपताला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "चोरी उजेडात केली, अन् कबुली पाकिटात कायले? जा ना जी. मी डबा करून देतो."

उद्या रविवार. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघतो. हे पत्र टपालात टाकत नाही, खिशात घालून आणतो. तुझ्या घरी येणार नाही. तुला मला दारात उभं करायचं नसेल, तो तुझा हक्क आहे. कंडक्टर म्हणतो, रविवारी सकाळी तलावाच्या पाळीवर मासे घ्यायला सगळं गाव जमतं, तो ठेकेदारही येतो, आणि तुझा साळा तिथेच तराजूपाशी असतो. मी तिथे उभा राहीन. कोणी ओळखत नसलं तरी बोलेन. लोक हसतील, किंवा मीटिंगमधल्यासारखे नुसते बघतील. चालेल. ठेकेदारानं ऐकेपर्यंत मी परतीची गाडी धरणार नाही.

तू माफ कर असं मी लिहिणार नाही. तू काठ बुजवलेस ते मी येईन या भरवशावर. तो भरवसा मी एक वर्ष उशिरा पुरा करतोय आणि त्याचं मोल आता किती राहिलं ते तूच ठरव. खरं सांगायचं तर मला उद्याची भीती वाटते. तुझी नाही, तुझ्या पोरीची वाटते.

पाळीवर बोलायचं ते इथे लिहून ठेवतो. मीटिंगमध्ये ऐनवेळी निम्मं गळालं होतं, उद्या काही गाळायचं नाही.

'मंडळी, मी सेवकराम, गोंदियाचा. पोस्टमास्तर होतो. मागच्या वर्षी मारबतीच्या सकाळी तिथल्या कॉलनीत पाणी शिरलं, म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडलं. तो बांध फुटला नव्हता. माझा धान वाचवायला मी तो फावड्यानं कापला, आणि खाली कोणाला हाक दिली नाही. राखणीला मनिराम होता. तो तिथे नव्हता, कारण मीच त्याला माझ्या कामाला लांब धाडलं होतं, आणि तो लवकर परतणार नाही हे पाहून धाडलं होतं. मला विचारलं, हा माणूस पितो का. मी म्हणालो, पूर्वी घ्यायचा. तो नऊ वर्षांपासून घेत नाही. त्या सकाळी प्यालेला नव्हता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.'

सेवकराम